अर्जातले खरे आणि खोटे



आपली मुले नोकरीसाठी अर्ज लिहितात. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. त्यांत आपला बायोडाटा उठून दिसावा, ही इच्छा रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की तो कशाने उठून दिसावा?

माझा एक जुना विद्यार्थी अर्ज दाखवायला आला. अर्ध्यावर सोडलेला संगणकाचा कोर्स त्याने ‘पूर्ण’ लिहिला होता. उलट, कॉलेजची तीन वर्षे पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकली, विहारात वीस मुलांना गणित शिकविले, याचा उल्लेखही नव्हता. म्हणाला, ‘सर, ते काय लिहायचे?’

विचार करा. जे नाही ते लिहिणे हा मुसावाद. तेथे चौथे शील मोडते. पण केलेले कष्ट लाजेने झाकणे, ही जुनी गुलामीच नव्हे काय? बाबासाहेबांनी कोलंबियाची एम. ए. १९१५ साली आणि लंडनची डी. एस्सी. १९२३ साली मिळविली. त्यांतले एक अक्षरही उसने नव्हते.

म्हणून जाहिरात नीट वाचा. त्या कामाला उपयोगी ते आधी लिहा. ‘मी मेहनती आहे’ असे लिहिण्यापेक्षा काय केले, किती वर्षे केले, ते लिहा. अपुरे शिक्षण अपुरे म्हणूनच नोंदवा.

खरे लिहून एखादी नोकरी हुकेलही. परंतु खोट्यावर मिळालेली भाकरी रोज भीत भीत खावी लागते. तिला सम्यक आजीविका कसे म्हणावे?