कमळाचे पान आणि अलिप्तता

भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात, आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला पाण्यात राहूनही न भिजणाऱ्या कमळाच्या पानाची उपमा दिली आहे. खालापूर तालुक्यात शिळफाट्याच्या परिसरात पावसाळ्यात अळूच्या पानावरही हेच दिसते: थेंब पाऱ्यासारखा गोल होतो, वाटेतली धूळ उचलतो आणि घरंगळून जातो. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब त्यांच्या टोकांवरच टेकतो. बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये ही स्वयंस्वच्छता सविस्तर मांडली.

मात्र पानावरच्या मेणाचे मुख्य काम पाणी झटकणे नव्हे, तर आतला ओलावा राखणे. त्याविना उन्हात पान सुकून जाईल. तरीही हे आवरण पानाला कोंडून ठेवत नाही. कमळाची पर्णरंध्रे पानाच्या वरच्या बाजूला असतात. तिथे पाणी साचले तर हवेची ये-जा अडेल. पान कोरडे राहते म्हणूनच त्याचा श्वास मोकळा राहतो, आणि त्याचे मूळ तर चिखलातच रुजलेले असते. अलिप्तता म्हणजे संसाराकडे पाठ फिरवणे, असा अर्थ या उपमेतून काढणे सर्वस्वी चुकीचे आहे.