भरपाई आणि जाब

कोठडीत माणूस मरतो, चौकशी जाहीर होते, कोणाचे तरी निलंबन होते आणि काळ लोटला की सारे शांत होते. हा क्रम आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागील नैतिक प्रश्न आम्ही विचारीनासे झालो आहोत: शासनाच्या हातून झालेल्या छळाचा जाब कोणी द्यावयाचा?

ओडिशातील एका तरुणाला पोलिसांनी १ डिसेंबर १९८७ रोजी चौकशीसाठी नेले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेमार्गावर आढळले. त्याच्या आईचे पत्र हाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तिला १,५०,००० रुपये भरपाई देवविली आणि दोषींवर खटले भरले जावेत, अशी अपेक्षाही व्यक्त केली. निवाडा थोर खरा. परंतु भरपाई जाबाची जागा घेऊ शकत नाही. ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे आम्हां सर्वांच्या पैशातून दिली जाते. मारणारा हात मोकळाच राहिला, तर दंड तेवढा आम्ही भरतो आणि अपराध मात्र कोणाचाच उरत नाही.

बंद दाराआड साक्षीदार असतात ते बहुधा मारणाऱ्याचे सहकारीच. म्हणून १९८५ साली विधी आयोगाने सुचविले की, कोठडीतील इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयास गृहीत धरता यावे. २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातही ही तरतूद आली नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. पण त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. लोकसभेने २०१० साली संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक कायदा न होताच बारगळले.

तरीही सारा दोष कायद्याच्या माथी मारणे हे सोयीचे ठरेल. पोलिसांपुढील कबुलीजबाब १८७२ च्या कायद्यानेच पुरावा म्हणून त्याज्य ठरविला होता. मग मारहाण थांबत का नाही? घरी चोरी झाली की ‘दोन रट्टे दिल्यावाचून तो कबूल होणार नाही’ असे आम्हीच म्हणतो. अट्टल गुन्हेगाराची गय कशाला, असेही विचारतो. परंतु अपराध सिद्ध करणे आणि शिक्षा ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. आणि हात बांधलेल्या माणसास मारण्याची शिक्षा न्यायालयासही देता येत नाही.

पोलिसांच्या हातची सत्ता आम्हीच सोपविलेली आहे. जे आमच्या नावाने केले जाते, त्याचा हिशेब मागणे हे पोलिसांशी वैर नव्हे. प्रामाणिक शिपायाची अब्रूही त्यानेच राखली जाते. तो हिशेब आम्ही मागत नाही, तोवर त्या बंद दाराला आमचाही हात लागलेला असतो.