जीर्णोद्धार कशाचा?

देवळाचा जीर्णोद्धार म्हटलं की आपल्या समाजात लगेच पावतीपुस्तक निघतं. नवं मंदिर बांधण्यापेक्षा जुनं सावरण्यात पुण्य जास्त, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घराचं काय? राहतं जुनं घर सावरणं हे कर्तव्य, की नुसता मोह? अपरिग्रह शिकवणाऱ्या घरात वाढलेल्या बाईनं दगडामातीत एवढा जीव गुंतवावा का? आणि सावरायचंच ठरलं, तर त्यातलं नेमकं काय सावरायचं?

निर्ण्याच्या आमच्या वाड्याची एक तुळई वाकली, तेव्हा हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. धाकटे दीर म्हणाले, पाडून टाकू आणि स्लॅबचं बांधू. नणंदबाईंना एक दगडही हललेला नको होता. त्या पुण्याला राहतात. मुलगा म्हणाला, पाहुण्यांना भाड्यानं देऊ. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून तर भांडण मिटेना.

बिदर-कलबुर्गीकडची जुनी घरं ज्या मैत्रिणींनी पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, दगडांच्या मध्ये मातीचा गारा. आत सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. हेच माळवद. पायाखाली शहाबादी फरशी, ती तर शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलीच. भिंतीत देवळ्या आणि कोनाडे. वैशाखात बाहेर अंग भाजत असताना माजघरात मात्र माठातल्यासारखा गारवा. हे सुख स्लॅबच्या घरात पंखा लावूनही मिळत नाही.

पण हेच माळवद आमच्या भागात जिवावर उठलेलंही आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बुडवून आणि आपल्याकडचे दशलक्षणाचे उपास संपवून माणसं गाढ झोपलेली. किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेतच गाडली गेली. हजारो माणसं गेली. त्यांतली पुष्कळशी जमिनीनं नव्हे, तर घराच्या दगडांनी आणि माळवदाच्या मातीनं मारली. तो हादरा आम्हालाही बसला होता. नंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलो. सासूबाई अंधारात माळवदाकडे बघत म्हणायच्या, "इतकी वर्षं सावली दिलीस, आता भ्या दाखवू नकोस."

म्हणून 'जुनं ते सोनं' असं नुसतं म्हणून भागत नाही. ज्या छपराखाली निजायची भीती वाटते, ते जसंच्या तसं राखणं हे प्रेम म्हणता येणार नाही. जाणत्या अभियंत्यांनी आम्हाला सांगितलं ते साधं होतं. माळवदावरची माती कमी करून भार उतरवा. भिंतीच्या दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जागोजागी बसवा. कोपरे एकमेकांत गुंतवा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं तिरके टेकू द्या. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून नवी माती टाकायची रीत आहे, पण जुनी माती खरवडून कुणी काढत नाही. पिढ्यान् पिढ्यांचं ते ओझं डोक्यावर तसंच साठत राहतं. परंपरेचंही थोडंफार असंच होत असावं.

राखावं की बदलावं, हा वाद आमच्या ओसरीवरचाच नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात युरोपात जुन्या इमारतींवरून मोठं रण पेटलं होतं. फ्रान्समधले व्हिओले-ल-द्यूक म्हणत, जुनी वास्तू पूर्ण करावी, प्रत्यक्षात ती तशी कधी नसली तरी चालेल. इंग्लंडचे जॉन रस्किन, गांधीजींच्या वाचनामुळे आपल्याला ठाऊक असलेले, याच्या अगदी विरुद्ध. १८४९ मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की नव्यानं घडवलेलं जुनेपण हे खोटं असतं. वेळच्या वेळी काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धाराची पाळी येणार नाही. इमारत आपली नाही, ती बांधणाऱ्यांची आणि पुढं येणाऱ्यांची आहे, हेही त्यांचंच म्हणणं. मला ते वाचताना आपल्या अपरिग्रहाची आठवण झाली. वस्तू जवळ असूनही तिच्यावर मालकी न सांगता ती सांभाळायची.

या दोन्ही टोकांची आठवण करून देणाऱ्या वास्तू आपल्याकडेही आहेत. बिदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ चा. औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याच्या स्फोटानं त्याचा मोठा भाग ढासळला. दर्शनी दोन मिनारांपैकी एकच आज उभा आहे, अंगावर उरल्यासुरल्या रंगीत फरश्या घेऊन. दुसरा कुणी खोटा उभारला नाही. ती मोकळी जागा पाहिली की काय घडलं ते कळतं.

मुंबईला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय याहून वेगळं. इमारत अस्सल व्हिक्टोरियन, १८७२ ची. आत बिडाचे खांब, नक्षीच्या फरश्या, सोनेरी वर्ख. पुढं तिची फार दुर्दशा झाली. काही वर्षं खपून तज्ज्ञ कारागिरांनी ती सावरली, २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी पुन्हा उघडलं. पूर्वी त्याला राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. १९७५ पासून भाऊ दाजींचं आहे. पण आत प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आजही उभाच आहे. नाव बदललं, तरी इतिहास माळ्यावर टाकून दिला नाही. मला ही गोष्ट फार पटली.

आता आपल्या घरातला खरा अवघड प्रश्न, वाळवीचा. तुळई वाकली ती तिच्यामुळेच. कंत्राटदार म्हणाला, पायात औषध सोडू, दहा वर्षं बघायला नको. औषध म्हणजे विष. आपल्याकडे गृहस्थाला हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. झाडलोट, स्वयंपाक यांतली आरंभी, पोटाच्या उद्योगातली उद्योगी, स्वतःला वाचवतानाची विरोधी आणि मारायचं ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत, त्या कमी करायच्या, चौथी सोडायची. मग विष सोडणं कशात बसतं? छप्पर कोसळेल म्हणून स्वतःला वाचवणं, की सोय पडते म्हणून ठरवून मारणं? घरातच दोन मतं झाली.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं वाट दाखवली. तो म्हणाला, "आक्का, वाळवी ओलीला येती. आधी ओल काढा." कुणीतरी मागं भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंटमुळं भिंतीतलं पाणी बाहेर निघेना, ते आतल्या आत मुरून खांबाच्या बुडाशी जाई. तो गिलावा काढून चुन्याचा केला, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते. चुन्याची घोटाई करताना काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक वापरायची चाल होती. आम्ही गूळ आणि हिरड्याच्या पाण्यावर भागवलं. खांबाखालची दगडी बैठक उचलून घेतली, गळकी पन्हळ बदलली, पोखरलेलं लाकूड शेताच्या बांधावर नेऊन ठेवलं. एकही जीव गेला नाही असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. पण मारणं हा पहिला उपाय न धरता शेवटचा धरला, तर पुष्कळदा तिथवर जावंच लागत नाही, एवढं कळलं.

शेवटी राहिली परसातली ती खोली. गोठ्याला लागून, बिनखिडकीची, वाकून जावं लागेल अशा दाराची. 'बाहेर बसणाऱ्या' बाईची खोली. भिंतीत एक आरपार कोनाडा, पलीकडून ताट सरकवायला. माझ्या आजेसासूबाई, सासूबाई आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तिथं बसले आहे. वाड्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या पुरुषमंडळींपैकी एकालाही ती खोली आठवली नाही. खरं तर सासूबाई म्हणायच्या, तेवढेच चार दिवस पाठ टेकायला मिळायची. पण विसाव्यासाठी बाईला घराबाहेर व्हावं लागावं, ही त्या घराला शोभणारी गोष्ट आहे का?

नणंदबाईंच्या म्हणण्याप्रमाणे काहीच हलवायचं नसतं, तर ती खोलीही तशीच ठेवावी लागली असती. दिरांप्रमाणे सगळं पाडलं असतं, तर ती कधी होती हेच नातसुनांना कळलं नसतं. आम्ही दार उंच केलं, पश्चिमेला मोठी खिडकी पाडली आणि तिथं स्वाध्यायाची खोली केली. ज्या बायकांना त्या चार दिवसांत शास्त्राला हात लावता येत नव्हता, त्यांच्याच जागी आता शास्त्रं ठेवली आहेत. एका वडीलधाऱ्या काकूंना ते रुचलं नाही. त्या अजून त्या खोलीत येत नाहीत, आणि मी त्यांना आग्रह करत नाही. ताटाचा कोनाडा मात्र बुजवू दिला नाही. नात विचारते, "आज्जी, हे भोक कशाला?" मग सांगावं लागतं. सांगावं लागावं, म्हणूनच तो ठेवला आहे.

उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तीन शब्द आपण पाठशाळेत पाठ केले. नवं उपजतं, जुनं जातं आणि तरी काहीतरी टिकून असतं. घराचं टिकणारं ते काय, याचं उत्तर मला दगडात सापडलं नाही, लाकडातही नाही. आल्यागेल्याला सावली, आजाऱ्याला कोपरा, भुकेल्याला सूर्यास्ताआधी चार घास, हे टिकवायचं. त्यासाठी जुन्या भिंती उपयोगी पडतात, म्हणून त्या जपायच्या. ज्यांच्याखाली कुणाला भिऊन निजावं लागतं किंवा मान खाली घालून बसावं लागतं, तेवढ्या बदलायच्या.

तुमच्याही घराचा कधी ना कधी असा विचार निघेल, तेव्हा मैत्रिणींनो, गवंड्याला बोलावण्याआधी एक करा. त्या घरात ज्यांनी झाडलोट केली, पाणी भरलं, चुलीपुढं डोळे लाल केले, त्यांना आधी विचारा, की यातलं काय ठेवू?