वास येतो का हो?

गेल्या महिन्यात आयर्लंडहून भाच्याचा फोन आला. तिकडे म्हणे पुष्कळ घरांत थंडीसाठी तेलावर चालणारा बॉयलर असतो, परसात तेलाची टाकी असते, आणि ते तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं रॉकेलच! भाच्याच्या भाड्याच्या घरात त्याचा वास मारतो. घरमालक येतो, नाक वर करून दोनदा हुंगतो आणि 'मला तर काही येत नाही' असं सांगून निघून जातो.

"मामा, तुमचं सगळं आयुष्य रॉकेलात गेलं. काय करू सांगा," भाचा म्हणाला.

हे वाक्य जरा लागलं, पण खोटं नव्हतं. आमच्या पिढीचा अभ्यास रॉकेलच्या कंदिलाखाली झाला (तो कंदीलही कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, 'प्रभाकर'), आणि संसार रॉकेलच्या स्टोवर. कार्ड, डबा आणि नरसाळं घेऊन रांगेत उभं राहणं हा आमच्या रविवारचा कार्यक्रम. तेव्हा अधिकारवाणीनं मी उपाय सांगितले. सांडलं असेल तर लाकडाचा भुसा टाक, तो तेल पितो. मग झाडून साबणाच्या पाण्यानं फरशी धू. कपड्यावर पडलं असेल तर खाण्याचा सोडा लावून उन्हात टाक. (आयर्लंडात ऊन कुठून आणायचं हे मी सांगितलं नाही.) वास एकाएकी वाढला असेल तर कुठंतरी गळतंय, माणूस बोलाव. आणि काही झालं तरी उदबत्ती लावू नकोस. एक तर तेल सांडलेल्या जागी काडी ओढू नये, आणि दुसरं म्हणजे रॉकेल आणि मोगरा मिळून जो तिसरा वास तयार होतो, त्यापेक्षा एकटं रॉकेल परवडतं.

फोन ठेवला आणि मला साताऱ्याच्या आजी आठवल्या. तेव्हापासून झोपेचं खोबरं झालंय.

1976 साली नोकरीनं आम्हाला साताऱ्यात आणून टाकलं. यादोगोपाळ पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खालच्या दोन खोल्या मिळाल्या. मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहत. सत्तरीच्या होत्या, सगळा वाडा त्यांना आजी म्हणे. आमच्या डोक्यावरची तक्तपोशी लाकडाची होती, म्हणजे आमचं छत तीच त्यांची जमीन, आणि दोन फळ्यांत बोटभर फट. वरून कधी तांदळाचा दाणा पडे, कधी जपाची कुजबुज. आम्ही काय पाठवत होतो याचा विचार कधी मनात आला नाही.

आमचा स्टो दहा वातींचा. आता वातीच्या स्टोची एक गोष्ट अशी, की तो धड जळत असतो तेव्हा फारसा वास मारत नाही. वास मारतो तो विझवल्यावर. ज्योत जाते, पण वाती तापलेल्या असतात. त्यांतलं तेल न जळताच वाफ होऊन बाहेर पडत राहतं. ही वाफ गरम, म्हणून वर जाते. वर फळ्यांच्या फटी. त्यात मुलगा तान्हा, त्यामुळे रात्री दोनदा दूध तापवायचं आणि दोनदा स्टो विझवायचा. बाहेर साताऱ्याची थंडी, म्हणून खिडक्या बंद.

आम्हाला वास येत नव्हता. अगदी शपथेवर सांगतो. नाकाचा स्वभावच असा आहे, की एकच वास काही मिनिटं येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. पाहुणे आले की दारातच नाक मुरडत. आम्हाला वाटायचं, पुण्याची माणसं, चालायचंच.

चार वर्षांनी सांगलीला बदली झाली. सामान बांधलं आणि किल्ली द्यायला, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन, मी वर गेलो. इतक्या वर्षांत आजींच्या आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. पाहतो तर जमिनीच्या एकूण एक फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून, ठासून भरलेल्या. वर्षानुवर्षं बसून, एकेक फट धरून केलेलं काम होतं ते.

"आजी, हे काय?"

"काही नाही रे, झुरळं येतात."

मी गप्प उभा राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "रात्री जरा वास यायचा. दमा आहे ना मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करणार होतास? लेकराला दूध नको तापवायला?"

खरं म्हणजे करण्यासारखं पुष्कळ होतं. स्टो उचलून अंगणात नेऊन विझवायचा. स्वयंपाकघरापासून अंगण अकरा पावलं. उतरताना मी ती मोजली.

आता प्रश्न असा, की मी गुन्हेगार आहे की नाही? कायद्याच्या दृष्टीनं कदाचित असेनही. तेव्हाच्या 1947 सालच्या भाडे कायद्यात भाडेकरूला सहसा काढता येत नसे. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणं हे काढण्याचं एक कारण त्यात धरलेलं होतं. पुढं 1999 सालच्या कायद्यातही ते राहिलं. पण आजी कोर्टात गेल्या नाहीत, आणि गेल्या असत्या तरी न्यायाधीशाला पुरावा म्हणून काय चिंध्या दाखवणार? मग कायदा बाजूला ठेवून मी तत्त्वज्ञानाकडे वळलो. आपल्याकडचे नैयायिक म्हणतात, गंध हा पृथ्वीचा गुण. हे मला पटलं, रॉकेल जमिनीतूनच येतं. पण यात पृथ्वीवर ठपका येऊन मी सुटतो, म्हणून जरा संशय आला. जर्मनीतला कांट 1798 साली छापलेल्या पुस्तकात फार कडक बोलून गेलाय. वास ही स्वातंत्र्यावर गदा आहे, म्हणतो, कारण एकाचा वास दुसऱ्याला इच्छा असो नसो घ्यावाच लागतो. नको ते दृश्य असलं तर डोळे मिटता येतात. श्वास किती वेळ मिटणार? कांटच्या वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर तो सुखी असावा.

माझ्या बचावाचा मुद्दा एकच: मला माहीत नव्हतं. आणि नेमका तोच मुद्दा मला टोचतो. ज्याचा वास त्यालाच सगळ्यांत आधी येईनासा होतो, हे तर मला माहीत होतं ना? सांगलीत हळदीच्या बाजारात नवखा माणूस शिंकून बेजार होतो, तिथला हमाल पोत्यावर डोकं ठेवून झोपतो. मग आपलं नाक खोटी साक्ष देतंय हे ठाऊक असताना, एकदा वर जाऊन विचारायला काय हरकत होती? उत्तर सोपं आहे. तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असा हिशेब मी मांडला होता. आणि असे हिशेब नेहमी आपल्याला सोयीचेच जुळतात.

सांगलीत नियतीनं मला वरच्या मजल्यावर ठेवलं. गावभागात, कृष्णेच्या जवळ. खाली मालकांचा तांब्याचा बंब. पहाटे पाचला ते बंबात ढलप्या आणि करवंट्या भरत आणि वरून, उदार हातानं, अर्धी वाटी रॉकेल. धूर आणि वास थेट आमच्या खिडकीत. मी काही बोललो नाही. पण माझं न बोलणं आजींसारखं नव्हतं हो! त्या दयेनं गप्प होत्या, मी भीतीनं. जागा मुश्किलीनं मिळालेली, मुलाची शाळा जवळ, आणि मालक सणावाराला ताट पाठवणारे. खालून मात्र दोन्ही गप्प सारखेच दिसतात.

एकदा धीर केला. म्हटलं, "पहाटे जरा रॉकेलचा वास येतो."

मालक खरोखरच चकित झाले. बंबापाशी उभं राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "रॉकेलचा? येत नाही बुवा."

"नाही, मलाच सर्दी असेल," मी म्हणालो, आणि वर येऊन खिडकी लावून घेतली. ती सहा वर्षं.

पुढं गॅस आला. त्याचा माणूस म्हणाला, या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळतात. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. प्रत्येक घरात असं थोडं द्रव्य हवं. आमच्याकडे सासूबाई यायच्या तेव्हा असायचं.

भाच्याला मी परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, मालकाला आल्या आल्या विचारू नकोस की वास येतो का. तासभर बसव, गप्पा मार, मग बाहेर मोकळ्या हवेत फिरवून आण, आणि परत आत शिरताना दारातच विचार. आणि तुझ्या वरच्या मजल्यावर कोण राहतं? त्यांनाही एकदा विचार.

फोन ठेवल्यावर वाटलं, आपणही विचारावं. सौ. रोज संध्याकाळी घरभर धूप फिरवते आणि मी जेवणानंतर गॅलरीत एक विडी ओढतो. शेजारच्या ब्लॉकची बेल वाजवली.

"आमच्याकडचा काही वास येतो का हो तुम्हाला?"

"छे, छे! अजिबात नाही काका," शेजारीण हसून म्हणाली. "या ना, चहा घ्या."

आत गेलो. तिनं दार लावलं आणि पायानंच, सवयीनं, गुंडाळलेला एक पंचा दाराखालच्या फटीला सारला. झुरळांसाठी असेल.