ईश्वराची सृष्टी आणि आपली सृष्टी



वेदान्ताचे नाव निघाले की दोरी आणि साप ही जोडी आपल्यापुढे येऊन उभी राहते. अंधारात पडलेली दोरी, तिच्यावर भासलेला साप आणि दिवा आणताच नाहीसा झालेला तो साप. गौडपादाचार्यांच्या कारिकांतही आलेला हा दृष्टांत निर्दोष आहे; परंतु तो आपल्याला इतका पाठ झाला आहे की आता तो कोणालाच बोचत नाही. कीर्तनात साप आला की आपण मान डोलावतो, आणि घरी परतताना ज्याच्याशी अबोला आहे तो शेजारी दिसला की रस्त्याची बाजू बदलतो. दोरीशी आपले वैर नसते. तिच्याविषयीचा भ्रम गेला तरी आपले काही जात नाही. माणसाविषयीचा भ्रम जाऊ लागला म्हणजे मात्र आपल्यालाच कोठेतरी दुखते. म्हणून आजच्या निरूपणास दोरी घ्यावयाची नाही, माणूसच घ्यावयाचा आहे.

त्यासाठी आधार घेऊ श्रीविद्यारण्यस्वामींच्या ‘पंचदशी’चा. चौदाव्या शतकात शृंगेरीच्या पीठावर असलेल्या या आचार्यांचा हा ग्रंथ पंधरा प्रकरणांचा आहे. पाच विवेकाची, पाच दीपाची, पाच आनंदाची. विवेकांतील चौथे प्रकरण ‘द्वैतविवेक’. प्रकरण आटोपशीर आहे, पण त्यात स्वामींनी एक रेघ अशी ओढली आहे की ती ज्याला दिसली त्याला आपल्या घरातील पुष्कळशा कलहांचा उगम दिसला. ते म्हणतात, हे द्वैत दोघांनी मिळून घडविलेले आहे. काही ईश्वराने निर्माण केले, ती ईशसृष्टी. आणि त्याच्यावर काही जीवाने रचले, ती जीवसृष्टी. एकाच वस्तूत दोन्ही अशा मिसळलेल्या असतात की कोणते ईश्वराचे आणि कोणते आपले हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

स्वामींचा पहिला दाखला रत्नाचा आहे. एकाला ते मिळाले, तो हर्षित झाला. दुसऱ्याला मिळाले नाही, तो संतापला. तिसरा विरक्त, त्याने ते नुसते पाहिले, त्याला हर्षही नाही नि संतापही नाही. रत्न तर एकच आहे. त्याचे रूप, तेज, काठिण्य ही ईश्वराची निर्मिती. त्याच्या ठिकाणी दिसलेले प्रियत्व, अप्रियत्व आणि उपेक्ष्यत्व ही मात्र तीन जीवांनी केलेली तीन रत्ने होत.

दुसरा दाखला थेट आपल्या ओसरीवरचा आहे. एकच स्त्री कोणाची पत्नी, कोणाची सून, कोणाची नणंद, कोणाची जाऊ, कोणाची आई. कोणी शंका काढील की यात स्त्री कोठे बदलली? तिच्याविषयीचे ज्ञान तेवढे निरनिराळे झाले. देहात तर काही फरक दिसत नाही. स्वामींचे उत्तर असे की मांसमयी स्त्री एक आणि मनोमयी स्त्री दुसरी. पहिलीत भेद नसला तरी दुसरीत तो आहेच. हे उत्तर शास्त्रीय आहे खरे, पण स्वयंपाकघरात उभे राहून वाचले तर त्याचा अर्थ अधिक खुलतो. घरात सूनबाई एक असते. सासूच्या मनातली, जावेच्या मनातली आणि नवऱ्याच्या मनातली अशा आणखी तिघी तिच्याबरोबर वावरत असतात. आणि भांडी आदळल्याचा आवाज येतो तो पुष्कळदा त्या तिघींचा असतो.

आपण बडोदेकर मंडळी तर याचा अनुभव दोन्ही अंगांनी घेतो. पिढ्यान् पिढ्या येथे राहूनही आपण येथल्या लोकांच्या तोंडी ‘दक्षिणी’. आणि पुण्यास लग्नकार्याला गेलो की तेथे आपल्या बोलण्यातील गुजराती वळण टिपून आपल्याला ‘गुजरातकडचे’ म्हणतात. माणूस तोच, पोशाख तोच, गाडीत बसतो तोही एक आणि उतरतो तोही एक. यात कोणाचा दुष्टपणा नाही. जीवसृष्टीला दुष्टपणा लागतोच असे नाही. तिला सवय पुरते.

आता ही सृष्टी घडते कशी? स्वामी सांगतात, वितळलेले तांबे मुशीत ओतले की मुशीचा आकार घेते, तसे चित्त ज्या विषयाला व्यापते त्याच्या आकाराचे होते. दृष्टांत तांब्याचा आहे, आणि तांबे थंड झाले की कठीण होते, ही पुढची गोष्ट कोणाही तांबटाला ठाऊक आहे. दहा वर्षांपूर्वी भावाने एक कठोर शब्द उच्चारला. तेव्हा मन तापलेले होते. त्या क्षणाचा भाऊ त्यात ओतला गेला आणि निवून घट्ट झाला. पुढे भाऊ म्हातारा झाला, त्याचे गुडघे दुखू लागले, त्याचा आवाज मऊ झाला. मुशीतून निघालेला तो भाऊ मात्र अजून चाळिशीत आहे आणि अजून तोच शब्द बोलतो आहे.

आणि मग स्वामी तो दाखला देतात, ज्याच्यासाठी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावे. एकाचा पुत्र दूर देशी गेलेला आहे. तो तेथे सुखरूप आहे. पण कोणा लबाडाने येऊन बापाला सांगितले की तुझा मुलगा गेला. बाप ऊर बडवून रडतो. उलट, मुलगा खरोखरच परदेशी मृत्यू पावला, पण वार्ता आली नाही, तर बाप रडत नाही. जेवतो, झोपतो, मुलाच्या येण्याचे दिवस मोजतो. तेव्हा बापाला रडविले कोणी? ईश्वराच्या सृष्टीतील मुलाने नव्हे. त्याच्या मनात जो मुलगा होता, तो मेला तेव्हा बाप रडला, आणि तो जिवंत होता तोवर हसला. बंधन घालणारी आहे ती मानस सृष्टीच, हे स्वामींना येथे दाखवावयाचे आहे.

चौदाव्या शतकात दूर देशीची वार्ता यावयास महिने लागत. आज आपल्या सभासद-कुटुंबांत क्वचितच असे घर असेल की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी वा नातू अमेरिकेत, कॅनडात अथवा ऑस्ट्रेलियात नाही. खिशातील भ्रमणध्वनीवर वार्ता क्षणात येते. म्हणून जीवसृष्टी कमी झाली काय? आईने निरोप धाडला. तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. तेवढ्या दोन खुणांवर ती माउली रात्रभर केवढा प्रासाद उभारते! सूनच उत्तर देऊ देत नसेल, मुलगा बदलला, आपले आता कोण आहे. तिकडे मुलगा कचेरीतील बैठकीत बसलेला असतो आणि ‘घरी गेल्यावर सावकाश बोलू’ एवढेच त्याच्या मनात असते. स्वामींच्या कथेतील लबाडाला निदान दारापर्यंत चालत यावे लागले होते. आपल्या घरी त्याचीही गरज उरलेली नाही. मन स्वतःच दूत होते, स्वतःच वार्ता घडविते आणि स्वतःच रडते.

या आपोआप चालणाऱ्या उद्योगाला स्वामींनी मनोराज्य असे नाव दिले आहे. कामक्रोधादिक हे तीव्र द्वैत आणि मनोराज्य हे मंद द्वैत, अशी त्यांची विभागणी. मंद म्हणून त्याला निरुपद्रवी मात्र समजू नये, असा त्यांचा इशारा आहे. कारण विषयाचे चिंतन करता करताच आसक्ती, आसक्तीतून काम आणि कामातून क्रोध उपजतो, हे भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेलेच आहे. देवळाच्या कारभारात ज्यांनी चार दिवस काढले त्यांना याचे प्रमाण शोधावयास लांब जावे लागत नाही. उत्सवाच्या देणगीदारांच्या यादीत उतरवून घेणाऱ्याच्या नजरचुकीने एखादे नाव सुटते. नाव सुटले ही ईशसृष्टी, दोन बोटे लांबीची. ‘मुद्दाम गाळले’ हा जीवसृष्टीचा आरंभ. आणि मग त्या गृहस्थाचे अनुपस्थित कार्यवाहांशी मनातल्या मनात जे संभाषण सुरू होते, त्यात प्रश्नही त्याचे आणि उत्तरेही त्याचीच. कार्यवाह बिचारे घरी ताक-भात जेवत असतात.

यावर लोक जो उपाय करतात तो बहुधा ईशसृष्टीवर करतात. चूल वेगळी मांडतात, अंगणात भिंत घालतात, देऊळ बदलतात. स्वामींनी स्पष्ट सांगितले आहे की ईश्वराने केलेले द्वैत नाहीसे करण्याचे कारण नाही. ते बाधक तर नाहीच, उलट साधक आहे, कारण गुरू आणि शास्त्र हेही त्यातच मिळावयाचे. झोपेत वा मूर्च्छेत बाहेरचे जग असतेच, पण ते कोणाला रडवीत नाही. स्वप्नात बाहेरचे काहीच नसते, तरी मनुष्य घाबरून ओरडतो. मग अंगणातली भिंत कोणाला अडविणार? नुसते डोळे मिटून मनाचा निरोध करण्यावरही स्वामी फार भिस्त ठेवीत नाहीत. तेवढ्या वेळेपुरते शमन होते. समूळ निवृत्ती ज्ञानावाचून नाही. संसारी माणसाला त्या ज्ञानाची पहिली पायरी एवढीच, की समोरच्या माणसात ईश्वराचे किती आणि आपण घातलेले किती, हे निवडून पाहावयाचे.

येथे मात्र एक सावधगिरीचा शब्द सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. हा विचार हाती आला की काही विद्वान मंडळी तो स्वतःवर न चालविता दुसऱ्यावर चालवितात. सासरी छळ सोसणारी मुलगी माहेरी येऊन रडली, तर तिला ‘अगं, सारे मनाचे खेळ आहेत, दृष्टी बदल’ असे सांगून परत पाठवितात. हा वेदान्त नव्हे. ही वेदान्ताच्या नावाने केलेली निष्ठुरता होय. विद्यारण्यांनी दोन सृष्टी वेगळ्या केल्या त्या पहिलीला खोडून टाकण्यासाठी नव्हेत. गालावर उठलेला वळ जीवसृष्टी नाही. उपाशी पोट जीवसृष्टी नाही. तिच्या बाबतीत जीवसृष्टी शोधावयाचीच असेल तर ती मारणाऱ्याच्या मनात शोधावी; तिने कोणती मनोमयी सून तेथे उभी केली आहे की जिच्यावर हात उगारताना त्याला लाज वाटत नाही, हे पाहावे.

कारण एकाची जीवसृष्टी दुसऱ्याच्या वाट्याला दगडी भिंत होऊन येते. पंढरपूरचेच पाहा. संत चोखामेळा यांचा अंत मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून १३३८ साली झाला असे परंपरा सांगते. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, म्हणजे दाराबाहेर. चोखोबांचा देह ज्या पंचमहाभूतांचा होता त्याच महाभूतांचा पुजाऱ्याचा देह होता. ईश्वराने त्यात काही भेद केल्याचे कोणत्याही वैद्याला सापडले नसते. ‘हा बाहेरचा’ ही ओळख जीवांनी केली, आणि ती एका मनात न राहता पिढ्यांच्या मनांत ओतली गेली. तिचे तांबे वितळावयास मे १९४७ उजाडावा लागला. साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. मधली सहाशे वर्षे वारकरी त्याच समाधीपुढे मस्तक ठेवून आत जात होते, आणि चोखोबांच्या नातेवाइकांना मात्र आत येऊ देत नव्हते. पाया पडणारे ते हात खोटे नव्हते. भाव खरा असूनही दृष्टी बांधलेली असू शकते, ही गोष्ट देवळात नित्य येणाऱ्या आपणा सर्वांना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याच पंढरीची दुसरी कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे घरोघर पोहोचली आहे. नरहरी सोनार कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे मुखही पाहावयाचे नाही असा त्यांचा नेम. एका सावकाराला पुत्र झाला, त्याने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा नवसला होता. नरहरी देवळात जाईनात, तेव्हा सावकारानेच कमरेचे माप आणून दिले. करगोटा झाला, तो आखूड पडला. पुन्हा केला, तो सैल झाला. कारागीर निष्णात होता, सोने चोख होते. कथेकरी या ठिकाणी देवाची लीला सांगतात आणि ती गोडच आहे. मला मात्र त्या मापाजवळ थांबावेसे वाटते. ते माप दुसऱ्याने आणलेले होते. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यासाठी, तिसऱ्याच्या सांगण्यावरून, आपण किती करगोटे घडवितो! नव्या सुनेचे माप तिच्या माहेरच्या गावच्या कोणा परिचिताने आणलेले असते. नव्या गुरुजींचे माप आधीच्या गावच्या विश्वस्तांनी.

शेवटी नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले. हातांनी चाचपले तो पाच मुखे लागली, गळ्यात सर्प लागला. हा तर आपलाच शंकर, म्हणून पट्टी सोडली, तो समोर विटेवर विठ्ठल. पुन्हा पट्टी, पुन्हा शंकर. असे झाल्यावर त्यांनी पट्टी टाकून दिली आणि उघड्या डोळ्यांनी देवाच्या कमरेचे माप स्वतः घेतले. या वेळी करगोटा बरोबर बसला. पुढे ते वारकरी झाले, पण त्यांनी शंकराला सोडल्याचे कोणी सांगत नाही.

जीवाच्या द्वैतांपैकी जे शास्त्रीय, म्हणजे श्रवण-मननासाठी बुद्धिपूर्वक धरावयाचे आणि बोध होईपर्यंतच बाळगावयाचे, त्याचा भाग येथे घेता आला नाही. तो पुढील अंकी घेऊ.