शिंके आणि काठी

घरात मांजराचे पिल्लू आले की पहिले आठ दिवस त्याचे कौतुक सरत नाही. पुढे ते पडद्यावर चढते, खुर्चीच्या गादीवर नख्या घासते, ओट्यावरच्या मासळीला तोंड लावते. आणि कालच्या लाडक्याला आज ‘चोर’ ही पदवी मिळते. कोणीतरी काठी उचलते. अशा वेळी एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे : ज्याला आपले आणि परक्याचे हा भेदच ठाऊक नाही, त्याला चोर म्हणता येईल काय?

चोरी हा नैतिक शब्द आहे. त्यात जाणीव आणि निवडीचे स्वातंत्र्य गृहीत असते. पिल्लू नख्या घासते ते त्यांवरचे जीर्ण आवरण गळून पडावे, अंग ताणले जावे आणि पंज्यांचा गंध मागे राहावा म्हणून. तो त्याचा स्वभावधर्म आहे, अपराध नव्हे.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेल्या भुकेल्या मांजराकडून धडपडीत कधीतरी खटका दाबला जाई, दार उघडे आणि बाहेरचे अन्न मिळे. पुढच्या खेपांना हा वेळ हळूहळू कमी होत गेला. सुखद फळ देणारी कृती टिकते, निष्फळ कृती मागे पडते, असा निष्कर्ष त्याने काढला. दुपारी सांडलेल्या दुधाबद्दल संध्याकाळी मारलेली चापट म्हणूनच वाया जाते. पिल्लू तिचा संबंध दुधाशी जोडत नाही. हा हात भयंकर आहे, एवढेच ते शिकते.

मग शिस्त लावायची कशी? गादीशेजारी सुंभ गुंडाळलेला खुंट ठेवावा. तेथे नख्या घासताच माशाचा तुकडा द्यावा. शांत कोपऱ्यात वाळूचे घमेले असावे व ते रोज स्वच्छ करावे. खेळताना ते हाताला चावू लागले तर खेळ तत्काळ थांबवावा. आणि आजीने ताटातला घास द्यायचा, वडिलांनी त्याच घासासाठी हाकलायचे, असे होऊ नये. नियम सर्वांचा एकच हवा.

‘शिंक्याचे तुटले आणि मांजराचे फावले’ ही आपली म्हण मार्मिक आहे. शहाणी गृहिणी मांजराला पापी ठरवीत बसली नाही; तिने दूध उंच टांगले. शिंके तुटले तर ते बांधण्याची जबाबदारी माणसाची.

कोणी म्हणेल, हाच न्याय मुलांना लावला तर घराचे काय होईल? परंतु मुलाला कारण सांगता येते, म्हणून त्याच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा करता येते. पिल्लाकडून अपेक्षा केवळ सवयीची. शिवाय ते मूल सारे पाहत असते. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही निष्ठुर होतो, असे तत्त्वज्ञ कांट यांनी आपल्या व्याख्यानांत बजावले होते. पिल्लाच्या पाठीवर पडणारी काठी पिल्लाला काहीच शिकवीत नाही. मुलाला मात्र ती शिकविते, की दुबळ्यावर हात उगारण्यास राग हे पुरेसे कारण आहे. पिल्लाची वेदना तर खरी असतेच, पण हा धडा तिच्याहून अधिक काळ टिकतो.

पिल्लाला वळण लावणे म्हणजे प्रथम आपल्या रागाला वळण लावणे होय.