मशवरा ही अमानत आहे

दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत मशवरा सुरू होतो. पुष्कळदा मात्र तो मशवरा नसून आधीच ठरलेला हुकूम असतो. पित्याचे अपुरे स्वप्न आणि नातलगांतील प्रतिष्ठा मुलाच्या भल्याच्या नावाने बोलत असतात.

पवित्र कुरआनच्या सूरह आलि इमरानमध्ये (आयत १५९) प्रेषितांना (स.) सोबत्यांशी मशवरा करण्याचा आणि निर्धार झाल्यावर अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा आदेश आहे. मशवरा निर्धाराला वाट दाखवतो. त्याची जागा घेत नाही. इस्तिखाराही खैर मागण्याची दुआ आहे. स्वप्नाची वाट पाहत निर्णय टाळण्याची सबब नव्हे.

हदीसनुसार ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो. मग मुलामुलींचा कल व कुवत न पाहता दिलेला सल्ला ही खयानत ठरत नाही काय?

इमाम गज़ाली (निधन इ. स. ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये खेद व्यक्त केला आहे की, वैद्यक हे फर्जे किफाया असूनही कित्येक नगरांत मुस्लिम वैद्य नाही, गर्दी मात्र फिकहकडे, कारण त्यातून पदे मिळतात. आज गर्दी वैद्यकाकडे आहे. दिशा बदलली, वृत्ती तीच राहिली.

आई-वडिलांचा आदर फर्ज आहे. त्यांनी अवश्य बोलावे, जाणकारांचेही ऐकवावे. परंतु ज्ञानाचे काय केले आणि कमाई कोठून आली, याचा हिशेब आखिरतमध्ये त्या मुलालाच द्यायचा आहे. ज्याला हिशेब द्यायचा, निर्धारही त्याचाच असू द्यावा.